अर्लची बायको गेली कुठे?

मित्रांनो, मी नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानातलं एक लाकडी कपाट. वयाने जुना, अंगाने धिप्पाड आणि स्वभावाने जरा आढ्यताखोर. लोक मला 'ते कपाट' म्हणतात; पण दुकानाचे मालक, शिवणकामात मुरलेले मास्तर, मला 'आमचे पहिलवान' म्हणत. म्हणून मीही स्वतःबद्दल 'आलो, गेलो' असंच बोलतो. अर्थात येणं-जाणं माझ्या नशिबात नाही, तो भाग वेगळा.

सुताराने मला याच भिंतीचं माप घेऊन घडवलं. तेव्हा इंग्रज सरदार-उमरावांच्या नाटकांची चलती होती. माझ्या डाव्या बाजूला सरदारांचे झगे आणि उजव्या बाजूला त्यांच्या बायकांचे गाऊन लटकत. प्रत्येक खुंटीवर पितळी पट्टी. डावीकडे ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. उजवीकडे डचेस, मार्शनेस, काउंटेस, व्हायकाउंटेस, बॅरोनेस. सुताराला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याने उजवीकडच्या पट्ट्या हाताला लागतील तशा बसवल्या. मास्तर म्हणाले, "असू दे, मला पाठ आहे."

सगळ्यांत देखणा गाऊन काउंटेसचा. त्याच्या गळ्यावर मालकीणबाईंनी वर्षभर बसून मोत्यांचं काम केलं होतं. नाटक पडलं तरी गाऊनला टाळ्या पडत, आणि मी आतल्या आत फुगत असे.

पुढे मास्तर गेले. तशी नाटकंही कमी झाली. माझ्या बिजागऱ्या कुरकुरू लागल्या, माथ्यावर धुळीचा थर साचला. मालकीणबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि सुई ओवणंही बंद झालं. एवढ्यात त्यांच्या जावईबापूंचं नट-बोल्टचं दुकान बंद पडलं. ते मदतीला आले.

माणूस कामाचा, पण आयुष्य नट-बोल्टांत गेलेलं! ज्या बोल्टला नट नाही तो भंगारात, ही त्यांची शिस्त. मालकीणबाई डोळ्याचं ऑपरेशन करून वरच्या खोलीत पडून होत्या, तेव्हा जावईबापूंनी मला आवरायला घेतलं. ड्यूकला डचेस मिळाली, बॅरनला बॅरोनेस. "काउंटेस... काउंट कुठाय? नाहीच! म्हणजे हा गाऊन बिनजोडीचा," असं पुटपुटत त्यांनी तो शेजारच्या उशा शिवणाऱ्या मावशींना देऊन टाकला. अर्लचा झगाही बिनजोडीचाच, पण उशांना फार जाड, म्हणून तो खुंटीवर राहिला.

मी ओरडलो असतो हो! पण एक बिजागरी कुरकुरली, एवढंच. त्यांनी तिला तेल घातलं.

चार दिवसांनी एका कॉलेजातले नाटक बसवणारे सर आले. अर्ल आणि त्याची बायको, अशी जोडी त्यांना हवी होती. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून मालकीणबाईही खाली येऊन बसल्या होत्या.

"अर्ल आहे," जावईबापू म्हणाले, "पण त्याची बायको नाही आपल्याकडे."

मालकीणबाई हसल्या. "अहो, काउंटेस द्या ना! इंग्रजांकडे काउंट नसतोच, अर्ल असतो. बायकोला मात्र काउंटेसच म्हणतात."

जावईबापूंचा चेहरा पांढराफटक पडला. "आई... तो मी उशांना दिला."

मालकीणबाई उठल्या, चाचपडत माझ्यापाशी आल्या आणि रिकाम्या खुंटीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. तसा गाऊन आता त्यांच्या हातून पुन्हा होणार नव्हता. जावईबापू तोवर रस्त्यात पोचलेही होते.

अर्धा तास गेला असेल. मला तो माझ्या सगळ्या वयापेक्षा लांब वाटला.

मग मावशींचाच आवाज आधी आला. "अगं बाई, घाबरू नकोस! एक बाही उसवलीय फक्त. माझी कात्री धार लावायला गेलीय, म्हणून वाचला बघ."

मालकीणबाईंनी गळ्यावरून बोटं फिरवली. मोती जागच्या जागी होते. त्यांनी असा काही श्वास सोडला की माझ्याही फळ्या सैलावल्या. देवाशपथ सांगतो, इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

"आई, चुकलो मी," जावईबापू म्हणाले.

"चूक आमची. मास्तरांना पाठ, मला पाठ. तुम्हाला कोणी सांगितलं का? बसा. सुई घ्या."

मालकीणबाई बोटांनी चाचपून जागा दाखवत होत्या आणि जावईबापू घाम पुसत टाके घालत होते. पहिले टाके बघून मावशी म्हणाल्या, "हे टाके आहेत की कुंपण?" पण बाही बसली. सर जोडी घेऊन खुशीत गेले.

मग जावईबापूंनी पेचकस काढला. ते काम मात्र त्यांचंच! मालकीणबाई एकेक जोडी सांगत गेल्या आणि त्यांनी उजवीकडच्या सगळ्या पट्ट्या काढून ज्याच्या त्याच्या समोर बसवल्या. आता अर्लच्या समोर काउंटेस आहे. आंधळ्यालाही चुकणार नाही.

मित्रांनो, मला धुळीचं दुःख नाही, फडक्याने धूळ जाते. पण तुमच्या घरात कोणाला तरी सगळं पाठ असेल. त्यांच्यापाशी बसा, विचारून घ्या. आणि तुम्हाला काही पाठ असेल, तर सांगून टाका. मी गप्प राहिलो, कारण मी लाकूड आहे. तुमचं तसं नाही.