उशीवरचे तीळ

किळस हा प्रकार पाववालीला परवडण्यासारखा नव्हता. भट्टीमागच्या खोलीत राहायचं, दिवसभर कणकेत कोपरापर्यंत हात घालायचे, तिथे नाक मुरडून कसं भागणार? पण त्या दिवशी तिलाही किळस आलीच.

सासऱ्यांच्या खुर्चीतल्या उशीवर तीळ पडले होते. पावावर लावायचे दुकानातले तीळ कपड्यांवर घरात आणता म्हणून तिने त्यांना याआधीही चार शब्द सुनावले होते. तेव्हा ते घाईघाईने उठून उशी झटकायचे. आज ते बाहेर गेले होते. तीळ खवट झालेत का, हे ती नेहमी दाताखाली धरूनच पाहायची. सवयीने तिने एक उचलला आणि चावला. तो मऊ लागला. तीळ मऊ कसा, असं मनात येतंय तोच उशीवरचा दुसरा तीळ लांब झाला, आखूड झाला आणि शिवणीकडे सरकू लागला.

मोरीत जाऊन ती भडाभडा ओकली. चुळा भरल्या, जीभ फडक्याने घासली, तरी तो मऊपणा दातांतून जाईना. मागे मुकादम शेपटी वर करून उभा होता, आणि शेपटीखाली तसलाच एक तीळ चिकटलेला होता. मुकादम म्हणजे सासऱ्यांचा बोका. स्वतः काडीचं काम न करता सगळ्यांवर नजर ठेवतो, म्हणून सासूने त्याला ते नाव दिलं होतं. सासू गेली, मुकादम राहिला.

सासरे परतले तेव्हा बोका टोपलीखाली कोंडलेला होता. आजच्या आज हा घराबाहेर गेला पाहिजे, असं तिने सांगून टाकलं. म्हाताऱ्याचा चेहरा पाहून ती काय ते समजली. जंतांचे तुकडे ते कधीपासून तीळ म्हणून खपवत होते.

"कळलं असतं तर तू त्याला ठेवलं नसतंस," ते म्हणाले. "पायांवर त्याचा भार नसला की मला झोप येत नाही गं."

तिला दया यायला हवी होती. आली ती उबळ.

पण असला बोका दुसऱ्या कुणाच्या गळ्यात तरी कसा मारणार? म्हणून दोघं त्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी समजावलं की अंग चाटताना बोका पिसवा गिळतो आणि त्यांच्यातून हे जंत पोटात जातात. नुसती गोळी देऊन भागणार नाही, मानेवर पिसवांचं औषध घाला, अंथरूण उकळत्या पाण्यातून काढा, नाहीतर पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

"आणि समजा," पाववाली जमिनीकडे बघत म्हणाली, "एखाद्या बाईने तो तुकडा चावला तर?"

तुकड्याने काही होत नाही, पिसू गिळली तर धोका, असं बाई म्हणाल्या. पण चावेल कशाला कुणी, हेही त्यांनी विचारलं. सासऱ्यांनी हळूच सुनेकडे पाहिलं आणि तिचे कान तापले.

गोळीसाठी बोक्याचं वजन हवं होतं. सासऱ्यांनी ते ग्रॅमपर्यंत सांगितलं. तो वाळत चाललाय या काळजीने ते रोज त्याचं वजन करत होते. कशावर, हे सुनेला विचारावं लागलं नाही. घरात काटा एकच होता, कणकेचा.

घरी येऊन तिने काटा उकळत्या पाण्याने घासला, तिळाचा डबा कचऱ्यात ओतला. सासऱ्यांनी गोळी भरवायला घेतली. मुकादमने गोळी फेसासकट दोनदा त्यांच्या बाहीवर थुंकली. शेवटी तिनेच त्याचा जबडा उघडला आणि त्या बुळबुळीत, वास मारणाऱ्या तोंडात बोट पार जिभेच्या मुळापर्यंत घातलं. बोक्याने गोळी गिळली, तिने आवंढा.

ती हात धूत असताना सासऱ्यांनी भीत भीत विचारलं, "तीळ परत कधी आणायचे?"

"तो मेल्यावर."

म्हाताऱ्याचं तोंड एवढंसं झालं. तिने हाताला पुन्हा साबण लावला.

"म्हणजे आता पुष्कळ वर्षं लोकांना साधाच पाव खावा लागणार," ती म्हणाली.