परत आलेली घोडी

भावाची चार वर्षांची शिक्षा अपिलात रद्द होणार, याची कुन्सुलूला खात्री होती. ज्या घोडीच्या चोरीपायी मारलेन तुरुंगात गेला, ती वसंतात आपल्या पायांनी परत आली होती. हिवाळ्यात मोकळी चरायला सोडलेली जनावरं अशीच परततात, हे किर्गिझ डोंगरांत शेंबड्या पोरालाही ठाऊक. घोडीच्या मालकाने, म्हाताऱ्या बोलोतने, तर तिला कोर्टाच्या फाटकालाच आणून बांधलं.

तिघे न्यायाधीश आत जाऊन चहा पिऊन आले. त्यांतला मुख्य स्वतः घोडे राखणाऱ्याचा मुलगा.

"घोडी परतल्याचं खालच्या कोर्टाच्या नोंदीत नाही. अपील फेटाळलं."

"अहो साहेब, बाहेर उभी आहे ती!" बोलोत ओरडला. "खिडकीतून तरी बघा!"

"खिडकी म्हणजे पुरावा नव्हे, बाबा."

घरी निघताना मात्र मुख्य न्यायाधीशाचा हात सवयीने घोडीच्या तोंडाकडे गेला. ओठ उचलून त्याने दात पाहिले. "सात वर्षांची. छान राखलीय."

कुन्सुलूने लगाम ओढून घेतला.

"आत बसून अख्खी घोडी दिसली नाही तुम्हाला. आता दात बरे दिसले!"