वाऱ्याच्या वहीतली खंडेनवमी

दसऱ्याच्या सकाळी आठ वाजता लंकाबाई शिडी चढली आणि वरच्या पायरीवरच थिजली. खांबावरच्या वारा मोजायच्या यंत्राच्या तिन्ही वाट्या झेंडूच्या माळेनं आणि सुतळीनं करकचून बांधल्या होत्या. खालच्या काचेमागचे आकडे कालच्याच जागी उभे होते: ४८३१२.

साल त्र्याहत्तर. पारनेरकडच्या त्या उघड्या माळावर वारा कधी बसत नसे. तो वाट्या फिरवी, वाट्या आकडे पुढे ढकलत, आणि रोज आठला लंकाबाई तो आकडा सरकारी वहीत लिही. प्रौढांच्या वर्गात ती तेवढ्यासाठीच लिहायला शिकली होती. वर्षाची नोंद चांगली निघाली, तर माळावरच्या विहिरीवर पाणी उपसणारी पवनचक्की बसणार होती. नाहीतर ती दुसऱ्या गावाला जाणार होती. विहिरीला पाणी होतं, पण साठ हात खाली. दोर ओढून तिच्या तळहातांना घट्टे पडले होते.

सुतळी सोडून ती तरातरा घरी आली. "अवं, वाट्या कुनी बांधल्या?"

"म्या," तिचा नवरा आसाराम छाती पुढे काढून म्हणाला. "काल खंडेनवमी न्हवती का? नांगर, कुळव, इळा, समद्यास्नी पुजून इसावा दिला. त्या यंत्रानंच काय पाप केलं?"

"आन वारा? त्यो बी इसावला व्हय तुमच्यासंगं?"

चुलीपाशी बसलेली सासू साळूबाई म्हणाली, "उगं वरडू नगं. रोज दोनशे चढत्यात ना? मंग आजबी दोनशे चढवून लिव्ह. कोन बगतंय माळावर?"

लंकाबाई पेन्सिल घेऊन बसली. आज दोनशे वाढवले, तर उद्या यंत्र आपलंच खरं सांगणार. मग उद्याही दोनशे वाढवायचे, परवाही, रोजच. ती उठली, बसली, पुन्हा उठली. तव्यावरची भाकरी करपली. बाहेर वारा छपराचा पत्रा खडखडवत होता, जणू विचारत होता, काल मी नव्हतो का?

अखेर तिनं लिहिलं: ४८३१२. शेजारी वाकड्या अक्षरांत: 'काल मालकांनी यंत्र पुजलं. वाट्या बांधल्या. वारा होता.'

पुढचे पाच दिवस तिचा डोळा खालच्या पायवाटेवर होता. सहाव्या दिवशी मोजणीचे साहेब, शामकांत, धापा टाकत आले. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि तांबड्या पेन्सिलीनं तिच्याभोवती चौकट काढली. लंकाबाई पुढे सरकली.

"गेली का वो सायेब चक्की?"

"एक दिवस गेला, बाई. एका दिवसानं वर्ष बुडत नाही. गेल्या आठवड्यात मात्र एका गावची अख्खी वही रद्द केली मी. तिथं वारा रोज बरोब्बर दीडशेच वाहायचा."

"मंग चक्की आमालाच?"

"अजून चार महिने मोजायचेत."

आसाराम डोकं खाजवत पुढे आला. "सायेब, फुडल्या खंडेनवमीला नुसतं कुकू लावलं तर?"

"खांबाला लावा. वाट्यांना हात लावलात, तर तुम्हालाच तिथं फिरायला बसवीन."

साळूबाईसुद्धा हसली. लंकाबाई हसली नाही. साहेब उतरणीला लागले, तशी नोंदीची वेळ नसताना ती शिडी चढली. काचेमागचा शेवटचा आकडा हळूहळू सरकत होता. तो पुरता पालटेपर्यंत ती खाली उतरली नाही.