डाव्या चाकावरची जागा

माहूरला जायचं ठरलं आणि भुजंगरावांचा जीव ट्रॉलीच्या टायरांत अडकला.

सहा वर्षांनी सगळं घर रेणुकामाईला निघालं होतं. बायको केवळाबाई गेल्यापासून त्यांनी ती वाटच सोडली होती. केळी न्यायला टेम्पो थेट अर्धापूरच्या मळ्यात येऊ लागला, तशी ट्रॉली लिंबाखाली नुसती उभी राहिली. तिला शेवटचं माहूर घडवलं ते याच टायरांवर. ते बदलायला त्यांचं मन धजत नव्हतं. पण मुलगा सत्यम ऐकेना. त्यानं ट्रॉली जोडली, बापाला ट्रॅक्टरवर शेजारी बसवलं आणि नांदेडला सिद्रामप्पांचं दुकान गाठलं.

"नक्षी तर बगा अप्पा, नव्यावानी हाय," भुजंगराव म्हणाले.

सिद्रामप्पा उदगीरकडचे, टायर विकण्यातच केस पिकलेले. त्यांनी टायरच्या कडेवरून बोट फिरवलं. सगळीकडं बारीक चिरा पडल्या होत्या.

"भुजंगराव, नुसतं उभं राहून बी रबर म्हातारं होतंय. घाटात लेकरं बसल्याली असताना फुटलं तर?"

लेकरांचं नाव निघालं आणि म्हाताऱ्याचा हट्ट ढिला पडला.

"किती जण बसणार?"

"अठरा."

"मग हे कडक घ्या, वजनाचं. चाकावर बसणाऱ्याला दणके बसतील, पण दगा देणार न्हाई."

चाकावर बसणारी केवळाबाई. डाव्या चाकावरची ती जागा तिनं कधी सुनेला दिली नाही की पोरांना. भुजंगराव ट्रॅक्टर हाणायचे आणि मागून सारखी तिची हाक यायची, "आवो, हळू घ्या की!" हे मागं न बघताच हात झटकायचे. आमची बाई लई भित्री, असं चारचौघांत हसून सांगायचे.

नवे टायर बसले. परतताना भुजंगराव जन्मात पहिल्यांदा प्रवासाला ट्रॉलीत चढले आणि डाव्या चाकावर जाऊन टेकले. पहिल्याच खड्ड्यात कळ कमरेतून मस्तकात गेली. दुसऱ्या खड्ड्याला डोळ्यांत पाणी आलं. माहूरचा सगळा रस्ता ती इथं बसून यायची, जाताना आणि येताना, आणि घरी उतरून चुलीला लागायची. भित्री म्हणे! त्यांना स्वतःची लाज वाटली.

"सत्या, हळू घे की!" ते ओरडले.

सत्यमनं मागं न बघताच हात झटकला.