टोबीची अंडी आणि माझे दगड

आमच्या दारापुढच्या खडकांवर टोबी पक्ष्यांचा एक जोडा राहतो. अंग काळंकुट्ट, चोच लालभडक आणि आवाज माझ्या नणंदेसारखा. ओहोटी लागली की खडकाला चिकटलेल्या शिंपल्या चोचीने उचकटून खातात, भरती आली की एका पायावर उभे राहून समुद्राला नावं ठेवतात. जोडा एकदा जमला की मरेपर्यंत टिकतो, आणि घरटं दरवर्षी इथेच. घरटं कसलं, वाळूत नुसता खळगा! त्यात उघड्यावर दोन अंडी. पहिल्या वर्षी ती उधाणात वाहून गेली, दुसऱ्या वर्षी कुत्र्याने खाल्ली, तिसऱ्या वर्षी केप टाउनहून नाताळाला आलेल्या पाहुण्यांची गाडी त्यांवरून गेली. त्या दिवशी मी रडले. पुढच्या खेपेला पिल्लू बघायचंच, असा मी चंग बांधला.

गेल्या डिसेंबरात मादी शेवाळाच्या ढिगाशेजारी फतकल मारून बसलेली दिसली. मी वीस पावलांवरून दगडांचं मोठं रिंगण घातलं. जवळ गेले नाही. ती उठली की अंडी उघडी पडतात आणि अंडी पळवायला कुरव पक्षी टपलेलेच असतात.

"तिकडून नाही! डोळे फुटले का गं?" मी शेजारच्या डोरिनवर ओरडले.

"लेना, किनारा काय तुझ्या बापाचा आहे?"

"बापाचा नाही, टोबीचा!"

महिनाभर मी असं गावाला सळो की पळो करून सोडलं. माझ्या नवऱ्याची, आब्रामची, मात्र काडीची मदत नाही. त्याची होडी किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पालथी पडलेली. फळी गळते म्हणे. खाडीत बोय माशांची रेलचेल, आणि हा भावाच्या होडीतून अर्ध्या वाट्यावर जात होता.

"फळीला डांबर लावायला मुहूर्त लागतो का?" मी विचारायची.

"लागतो," तो म्हणायचा.

अखेर एका सकाळी मला राहवेना. मादी जागेवर नव्हती, म्हणून पाऊल न वाजवता रिंगणात गेले. सपाट वाळू. खळगा नाही, कवचाचा तुकडासुद्धा नाही. आब्राम होडीजवळ जाळं विणत बसला होता, तिकडे धावले.

"गेली रे, याही वर्षी गेली!"

त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि होडीच्या सावलीकडे मान वळवली. तिथे वाळूच्याच रंगाची दोन पिल्लं एकमेकांना बिलगून बसली होती.

"अंडी पहिल्यापासून इथेच होती," तो हळूच म्हणाला. "तू दिसलीस की मादी तिकडे जाऊन खोटंखोटं बसायची."

"आणि तू महिनाभर गप्प?"

"सांगितलं असतं तर तू इथे येऊन ओरडली असतीस. सगळं गाव तुझ्या दगडांकडे बघत होतं. इकडे कुणी फिरकलंच नाही."

"आणि फळी?"

"फळीला काय धाड भरलीय?"

मी त्याच्या पाठीत एक धपका घातला. मग माझे डोळे भरून आले आणि मी तिथेच त्याच्याशेजारी बसले.

यंदा डिसेंबर लागला आणि आब्रामची फळी पुन्हा गळायला लागली. मादी शेवाळाशेजारी जाऊन बसली. मी मुकाट्याने दगड मांडले आणि डोरिनवर ओरडायला सुरुवात केली.