उलटवायच्या राहिलेल्या कुरडया

रत्नमाला गेल्याचा फोन दवाखान्यातून आला त्या दुपारी आमच्या गच्चीवर बर्फ पडला. मे महिना होता. अकोल्यात दुसरीकडे कुठेच पडला नाही.

मी तिचे कपडे न्यायला घरी आलो होतो. फोन आला तेव्हा गच्चीच्या जिन्यात होतो. सकाळी रत्नमाला, माझी बायको, पांढऱ्या चादरीवर कुरडया घालत होती. शेवटची ओळ अर्धी असताना तिला दरदरून घाम फुटला. रिक्षात ती म्हणाली, "अहो, दुपारी कुरडया तेवढ्या उलटवा. खालून ओल्या राहिल्या तर बुरशी येते." त्यानंतर ती काही बोलली नाही.

फोन ठेवून मी वर गेलो. कुरडयांवर बोटभर बर्फ होता. मला वाटलं, एवढं ऊन आहे, वितळेल. मग उलटवू.

स्मशानातून परत आलो तेव्हा तो गुडघाभर झाला होता.

आमचं घर पहिल्यापासून थोडं कललेलं. ओट्यावर पेला ठेवला की तो हळूहळू भिंतीकडे सरकायचा आणि रत्नमाला न बघताच त्याला हात लावायची. आता घर सरळ झालं. पेला जागचा हलेना. घर सरळ झाल्यावर ऊन गच्चीवर तिरपं पडू लागलं. सूर्यही आमच्या गल्लीला लांबून वळसा घालून जायला लागला. तेरावं झालं त्या दिवशी बर्फ जिना उतरून स्वयंपाकघरात आला.

शेजारच्या गावंडे वहिनी पिठलं-भाकरी घेऊन आल्या. अंगात नवऱ्याचा स्वेटर होता.

"लग्नात शिवलेल्या सुटाबरोबरचा आहे," त्या म्हणाल्या. "अकोल्यात कधी घालायची वेळच आली नाही. आता आमचे हे म्हणतात, माझा आहे, काढ." मग त्यांनी पिठलं-भाकरी ओट्यावर ठेवली. "भाऊजी, तुमच्याकडची भिंत आमच्या बाजूने पांढरी झाली. सासूबाई चुलीपासून हलत नाहीत. त्यांची बोटं काळी पडायला लागली."

त्यांनी तायडे सरांना बरोबर आणलं होतं. सर भूगोल शिकवून निवृत्त झालेले. मफलर सोडून त्यांनी बर्फ नखाने खरवडून पाहिला.

"देविदासभाऊ, हिमयुग कडक हिवाळ्याने येत नाही," ते म्हणाले. "उन्हाळा कमी पडला की येतं. आधीचा बर्फ वितळायचा राहतो. त्याच्यावर दुसरा बसतो."

"ऊन तर आहे, सर."

"आहे. पण पांढरा रंग ऊन परत पाठवतो. वर पांढरं काय आहे?"

"चादर."

"मग चादर उचला."

"आणि कुरडया टाकून द्या," वहिनी म्हणाल्या. "घरात माणूस गेलं की शिजलेलं ठेवत नाहीत."

"त्या उलटवायच्या आहेत," मी म्हणालो. "चादर उचलली तर बर्फाचं पाणी होईल. कुरडयांचा लगदा होईल."

सरांनी विचार केला. "होईल," ते म्हणाले.

"आणि बर्फ असताना उलटवता येत नाहीत."

"नाही येत."

"नाही उचलली तर?"

"हजारो वर्षं राहील. मग पृथ्वी पुन्हा कलेल, ऊन वाढेल, सगळं वाहून जाईल."

"तोपर्यंत कुरडया टिकतील?"

"बर्फात हत्ती केसांसकट टिकलेत."

"हो का," मी म्हणालो.

वहिनींनी भाकरीवरचं फडकं नीट केलं. "भाऊजी, सासूबाई जिवंत आहेत हो," त्या हळूच म्हणाल्या.

ते खरं होतं. मी वर गेलो. जिना लांब झाला होता, पायऱ्या संपत नव्हत्या. गच्चीवर आकाश निळं होतं आणि गल्लीपलीकडच्या घरांवर ऊन भाजत होतं. तिथे बायका छत्री धरून पापड राखत होत्या. मी हाताने बर्फ बाजूला केला. खालचा काचेसारखा होता. त्यातून कुरडया दिसल्या. प्रत्येकीच्या शेवटी, जिथे तिने चीक बोटाने तोडला होता, तिथे बोटाचा ठसा होता. शेवटच्या ओळीतल्या कुरडईचा वेढा अर्धा होता आणि सोऱ्या त्याच्याजवळ आडवा पडला होता.

मी चादरीचं एक टोक धरलं. ते पत्र्यासारखं ताठ झालं होतं.

"भाऊजी, उचलली का?" खालून वहिनींनी हाक मारली. त्यांच्या घरातून कोणीतरी म्हातारं माणूस खोकलं.

मी टोक थोडं वर केलं. चादरीखाली पाण्याचा आवाज झाला. कडेची कुरडई ठशापाशी विरघळू लागली. मी टोक खाली ठेवलं. पाणी लगेच गोठलं, आणि माझी बोटंही त्यातच राहिली.

"भाऊजी?"

कुरडया वरून वाळल्या आहेत. खालून ओल्या आहेत. उलटवायच्या राहिल्या आहेत.