घरातली भाषा

सांबशिवरावांनी तंजावुरात जन्मभर कायदा शिकवला. वॉरंट नसेल तर पोलिसांना दारातूनच ‘नाही’ म्हणा, असं ते वर्गात टेबल ठोकून सांगत. आज पोलीस त्यांच्याच दारात आले. सून दिव्यश्रीच्या भावाची चौकशी चालली होती.

“तिची खोली जरा बघू का, सर?” इन्स्पेक्टरनं तमिळमध्ये विचारलं. हातात वॉरंट नव्हतं.

“वॉरंट नसेल तर पाऊल आत टाकायचं नाही!” सांबशिवराव कडाडले. आणि कशात? मराठीत! ती या घरापलीकडे गल्लीत कुणाला येत नव्हती.

“काय म्हणालात?”

सांबशिवराव दारातून बाजूला झाले. “वांगो सार,” ते तमिळमध्ये म्हणाले, “आत या म्हटलं. कॉफी घेणार ना?”

पोलिसांनी दिव्यश्रीचं कपाट उपसलं. काही सापडलं नाही. “तुमच्यासारखी समजूतदार माणसं कुठं भेटतात!” म्हणत इन्स्पेक्टर गेला. सांबशिवरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिव्यश्री जमिनीवरचे कपडे गोळा करत होती. ते मदतीला वाकले आणि हाताला नेमका तिचा परकर लागला. तिनं तो काढून घेतला.

“मामंजी,” ती मराठीतच म्हणाली, “‘नाही’ला तमिळमध्येही शब्द आहे.”